न दुखणाऱ्या जखमेविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

घानात मी ज्या जखमांची मलमपट्टी करते, त्यांचा मला संसर्ग होईल, अशी भीती बाबांनी पत्रात लिहिली आहे. ती मनातून काढून टाकावी. बुरुली व्रण सहसा एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्याचा जंतू क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्याच कुळातला असून संथ नद्या व दलदलींच्या परिसरात आढळतो. तो माणसाच्या अंगात नेमका कसा शिरतो, हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरते उलगडलेले नाही.

मला धास्ती वाटते ती हा आजार दुखत नाही याची. सुरुवातीला कातडीखाली लहानशी गाठ येते. ना ताप, ना ठणका. जंतूने सोडलेले मायकोलॅक्टोन नावाचे विष कातडीखालची चरबी कुजवते आणि वेदनाही जाणवू देत नाही. पुढे गाठ फुटते, तेव्हाही वरून दिसते त्यापेक्षा जखम पुष्कळ मोठी असते: काठाची कातडी धडधाकट दिसते, पण तिच्याखाली चिमटा सरकवला की तो अलगद आत जातो, कारण खाली पोकळी झालेली असते. आफ्रिकेतील रुग्णांपैकी जवळजवळ निम्मी पंधरा वर्षांखालील मुले आहेत. खेळत्या-बागडत्या लेकराला शेतीची कामे टाकून दूरच्या दवाखान्यात न्यावे, असे कोणत्या आईला वाटेल? उशिरा आलेल्या अशा आयांना कोणी अडाणी म्हटले, की मला मनापासून वाईट वाटते.

पूर्वी या आजारावर कापून काढण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आता रिफॅम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे 8 आठवडे तोंडाने घ्यायची असतात. घाना आणि बेनिनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतून या जोडीवर शिक्कामोर्तब झाले. मात्र औषध लागू पडत असतानाच काहींची जखम चिघळल्यासारखी दिसते, कारण विषाने दडपलेली प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते. नेमक्या याच वेळी घरचे लोक घाबरून गोळ्या थांबवतात, म्हणून ही गोष्ट मी त्यांना आधीच, आणि पुन्हा पुन्हा, समजावून सांगते.

आईने विचारले आहे की जखम भरली म्हणजे सुटलो, असे नाही का. सांध्याजवळचा व्रण भरताना नवी कातडी आखडते आणि कोपर किंवा गुडघा वाकलेलाच राहू शकतो. व्रण दुखत नसला, तरी पट्टी बदलताना आणि सांधा हलवताना मुलांना दुखते, ती रडतात; तरीही शक्य तितक्या लवकर मी त्यांना हात लांब करायला लावते, कारण पुढे त्याच हाताने त्यांना लिहायचे आहे.

तुमची लेक