सूट्रोचा बोगदा आणि कामगारांचे ५० हजार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अ‍ॅडॉल्फ सूट्रोवरचा लेख वाचला. प्रशियातल्या आखेनहून १८५० साली अमेरिकेत गेलेला तरुण चांदीच्या खाणींतून कसा गबर झाला, हे त्यात छान रंगवले आहे. पण सूट्रोला पैसा मिळाला तो चांदी खणून नव्हे, खाणीतले पाणी काढण्याच्या कामातून. ते काम सुरू करायला ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्या खाणकामगारांचा लेखात उल्लेखच नाही.

मी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे जमिनीखालच्या कामावर देखरेख करणारा, होतो. जमिनीखाली पाणी आणि हवा सांभाळली नाही तर माणूस वाचत नाही, हे आमच्या रोजच्या कामातले. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे त्यांत गरम पाणी भरू लागले; पंप पुरेनात. सूट्रोचे म्हणणे सरळ होते. पाणी वर चढवण्यापेक्षा कार्सन नदीच्या बाजूने डोंगरात आडवा बोगदा मारा. पाणी उताराने आपोआप जाईल, हवा खेळेल आणि वेळप्रसंगी माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट राहील. खाणींवर पकड असलेल्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाने मात्र त्याला कडाडून विरोध केला.

७ एप्रिल १८६९ला कॉमस्टॉकमधल्याच यलो जॅकेट खाणीत आग लागली, धूर शेजारच्या खाणींत शिरला आणि किमान ३५ कामगार दगावले. दुसरी वाट असती तर त्यातले कितीतरी जीव वाचले असते, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे आज भूमिगत कोळसा खाणीला दोन वाटा कायद्यानेच लागतात. त्या आगीनंतर तिथल्या खाणकामगारांच्या संघटनेने बोगद्यासाठी ५० हजार डॉलर दिले आणि ऑक्टोबरमध्ये खोदकाम सुरू झाले.

सुमारे सहा किलोमीटरचा तो बोगदा ८ जुलै १८७८ला खाणीला भिडला. तोवर खाणी त्याच्या पातळीखाली उतरल्या होत्या, चांदीही सरत आली होती. सूट्रोने बोगद्याच्या कंपनीचे आपले शेअर विकून सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या. पुढे तो तिथला महापौर झाला. त्याची जिद्द मी मानतो. पण वेळेवर बाहेर पडणे त्याला जमले, ते सगळ्यांना जमले नाही.

पुढच्या पुरवणीत यलो जॅकेटची आग आणि कामगारांनी दिलेले ५० हजार डॉलर, एवढे दोन तपशील तरी चौकटीत द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर