ड्रोनसाठी अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजा

महोदय,

‘विमानतळापासून पाच किलोमीटर सोडले की आभाळ मोकळे’ ही कोल्हापुरातल्या ड्रोनवाल्यांची समजूत अर्धीच खरी आहे. २०२१च्या ड्रोन नियमांखालील नकाशात पाच किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र असते. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उचलायचाच नाही. पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये परवानगीविना मर्यादा २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फूट.

हे अंतर सरळ रेषेत, विमानतळाच्या हद्दीपासून धरतात. गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर इथे कामाचे नाहीत. त्या हिशेबाने शिवाजी विद्यापीठ लाल क्षेत्रात येते आणि अंबाबाई मंदिराचा परिसर पिवळ्यात. रंकाळा तर आठ किलोमीटरच्या रेषेच्या आसपासच आहे, तिथे अंदाज चालणार नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाच्याच दिवशी पाहावा. तामगाव, नेर्ली, मुडशिंगीच्या उसावर फवारणीचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरच उडतो, तरी लाल क्षेत्राचा नियम त्यालाही लागू. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनलाही यातून सूट नाही.

इतकी कडक मर्यादा का? उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या कोनात येते. धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम ११०-१२० मीटरवर असते, म्हणजे ड्रोनच्या ४०० फुटांच्याच उंचीवर. एटीआर हे छोटे प्रवासी विमान त्या वेळी ताशी सुमारे २०० किलोमीटरने येत असते. शेवटचा किलोमीटर अठरा सेकंदांत संपतो. पडद्यावर डोळे लावून बसलेल्याला तेवढ्यात काही सुचत नाही.

चुका बहुतेक सेटिंगमध्ये होतात. रिमोटवर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. पंधरा मीटर उंच गच्चीवरून उडवून पडद्यावर ६० दिसले, की रस्त्यापासून ७५ झाले. त्याहून फसवे ‘रिटर्न टू होम’. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, मग परत येतो. ती उंची १०० मीटरवर राहिली असेल, तर ६० मीटरची मर्यादा तो स्वतःच मोडतो, तेही पायलटचा ताबा नसताना. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीवरून उडवताना कमाल उंची ५५ मीटरला बांधावी, गच्चीवरून उडवताना त्यातून गच्चीची उंची वजा करावी. परतीची उंची जवळच्या झाडा-इमारतींच्या वर, पण त्या मर्यादेच्या आत ठेवावी. तेवढी जागाच नसेल तर तिथून उडवू नये. अॅपने अडवले नाही म्हणजे परवानगी मिळाली असेही नव्हे. कंपनीचा जिओफेन्स, म्हणजे अॅपमध्ये घातलेली हद्द, आणि आपला सरकारी नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विसर्जन, दसरा, मंत्र्यांचे दौरे अशा वेळी पोलीस अधीक्षक ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. काल हिरवी असलेली जागा आज लाल असते ती त्यामुळे.

लग्नाच्या चित्रणाचे काम घेणारे बहुतेक जण नियम मोडायला निघालेले नसतात, त्यांना रेषा कुठून जाते तेच ठाऊक नसते. विमानतळ आणि जिल्हा प्रशासनाने गावे व पेठांच्या नावांनिशी तिन्ही पट्ट्यांचा मराठी नकाशा पोलीस ठाणी, मंगल कार्यालये आणि ग्रामपंचायतींत लावावा. धावपट्टी वाढवताना हद्द सरकली, तर नकाशाही त्याच महिन्यात बदलावा.

— एक ड्रोन पायलट, कोल्हापूर