रिचमंड पाहायचे तर कामगाराच्या पाळीने

महोदय,

उन्हाळ्यात मुलांकडे कॅलिफोर्नियात येणाऱ्या आईवडिलांची यादी ठरलेली असते: गोल्डन गेट, अल्काट्राझ, नापा. पर्यटन पुरवण्याही तेवढेच छापतात. सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीबोटीने जाता येणारे रिचमंड त्यात नसते. जे जातात तेही माहितीपट बघतात, फोटो काढतात आणि परततात. दोष त्यांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नि गोद्यांत राबलेल्यांच्या स्मरणार्थ २००० साली झालेल्या इथल्या ‘रोझी द रिव्हेटर’ (युद्धकाळी कारखान्यात राबणाऱ्या बाईचे प्रतीक) राष्ट्रीय उद्यानाला ना कुंपण, ना फाटक. जागा गावभर विखुरलेल्या, त्याही वेगवेगळ्या मालकीच्या. नकाशावर ठिपके सापडतात, त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते उमगत नाही.

माझे म्हणणे असे, की अंतराचा हिशेब सोडून कामगाराच्या दिवसाच्या क्रमाने फिरावे. सुरुवात ॲचिसन व्हिलेजपासून. जेमतेम २३ हजारांचे गाव युद्धात लाखाच्या घरात गेले, तेव्हा बांधलेली ही लाकडी घरे. लोक आजही तिथे राहतात, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे. कृष्णवर्णीय कामगारांना इथे घर मिळत नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या युनियनच्या कचेरीत कारकुनी केलेल्या बेटी रीड सॉस्किन पुढे याच उद्यानात रेंजर झाल्या आणि २०२२ मध्ये शंभरी ओलांडून निवृत्त झाल्या. ‘रोझी’ची गोष्ट ही मुख्यतः गोऱ्या बायकांची गोष्ट आहे, हे त्या पर्यटकांना तोंडावर सांगत.

मग मेरिटाइम पाळणाघर. वेल्डिंगला जाणारी आई मूल इथे सोडायची. आता तिथे शाळा भरते. जवळच गोद्या चालवणारे उद्योगपती हेन्री कायझर यांचे बंद पडलेले रुग्णालय आहे, बाहेरूनच दिसते. पण आपल्या मुलासुनेकडे ‘कायझर परमनंटे’चे कार्ड असेल, तर त्या आरोग्य योजनेची पाळेमुळे या गोदी कामगारांच्या उपचारांत आहेत, एवढे ठाऊक असावे.

यानंतर गोदी. चार गोद्यांतून ७४७ जहाजे बाहेर पडली. त्यांपैकी ‘रॉबर्ट ई. पीअरी’ तर ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरले! मुंबईकरांसाठी एक धागा: १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फुटलेले ‘फोर्ट स्टिकिन’ कॅनडात बांधलेले, पण रिचमंडने ब्रिटनसाठी बांधलेली पहिली जहाजे त्याच मूळ आराखड्याची.

शेवटी फोर्डचा कारखाना. करवतीच्या दातांसारख्या छपरातून आत उजेड घेणाऱ्या या इमारतीत जीप आणि रणगाडे युद्धावर धाडण्यासाठी सज्ज होत. माहिती केंद्र शेजारीच असून प्रवेश मोफत आहे. तिथून किनाऱ्याच्या पायवाटेने रोझी स्मारक गाठता येते. त्याची वाट लिबर्टी जहाजाच्या (युद्धकाळात झपाट्याने बांधलेल्या मालवाहू जहाजाच्या) कण्याएवढी, ४४१ फूट लांब आहे. ज्येष्ठांना ही चाल झेपेल, बाकी ठिकाणांसाठी मात्र गाडी हवीच.

आपल्या पुरवणीने हा क्रम एका छोट्या नकाशासह छापावा. इथल्या महाराष्ट्र मंडळांनाही विनंती, की ज्येष्ठांच्या सहलीची एक बस नापाऐवजी रिचमंडला न्यावी. ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे जपलेले जहाज आतून पाहायचे असेल, तर वेळ आधी विचारून घ्यावी.

— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया