आपटा कोणता, कांचन कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की ‘आपट्याची पाने’ म्हणून पुष्कळदा कांचनाच्या पानांचे छायाचित्र छापले जाते आणि बाजारातही कांचनाच्याच फांद्यांचे भारे ‘सोने’ म्हणून खपतात. दोन्ही झाडे एकाच गोत्रातली, पान दोघांचेही जोडपान. त्यात ‘कांचन’ म्हणजेच सोने, त्यामुळे चूकही खरी वाटते. पण पूजेचा श्लोक ‘अश्मंतक महावृक्ष महादोषनिवारण’ असा आहे आणि अश्मंतक म्हणजे आपटा. कांचनाची संस्कृत नावे कांचनार, कोविदार अशी वेगळी आहेत.

अश्मन् म्हणजे दगड. खडकाच्या भेगेत मुळे घालून दगड फोडणारा तो अश्मंतक, असा एक अर्थ. अश्मरी म्हणजे मूतखडा, त्याचा अंत करणारा, हा वैद्यकातला दुसरा. मुरमाड उतारावर, जिथे दुसरे झाड तग धरत नाही तिथे आपटा पाहिलेल्या कुणालाही पहिला अर्थ अधिक पटेल. मनुस्मृतीत (२.४३) मुंज गवत न मिळाल्यास मेखला (मुंजीत कमरेला बांधायची दोरी) कशाची करावी हे सांगताना कुश आणि बल्वज यांच्याबरोबर अश्मंतकाचेही नाव येते. आपट्याच्या अंतर्सालीचा वाख चिवट असतो आणि त्याचे दोर वळतात, हे लक्षात घेतले की तो उल्लेख नीट उलगडतो.

आपट्याचे शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोसा. योहान आणि गास्पार बौहिन हे सोळाव्या-सतराव्या शतकांतले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊ. एका देठावरची दोन जुळी दले पाहून वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने या नावाची सांगड त्या दोघा भावांशी घातली. मात्र ‘बौहिनिया’ एवढ्यावर भागत नाही, कारण कांचनही बौहिनियाच. भेद पुढच्या शब्दात आहे: आपटा रेसिमोसा म्हणजे तुऱ्यांनी फुलणारा; कांचनांपैकी पर्पुरिया म्हणजे जांभळा, व्हेरिगाटा म्हणजे रंगीबेरंगी.

झाडापाशी उभे राहिल्यावर ओळखायला मोजपट्टी पुरे. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंद, जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटर लांब, जाड, चरबरीत. खालून राखाडी, बारीक लव असलेले. कांचनाचे पान मऊ, पातळ आणि सहज दहा-बारा सेंटिमीटरचे. आपट्याची साल काळपट, खडबडीत आणि फांद्या खाली झुकलेल्या. उन्हाळ्यात त्याला बारीक पांढरट-पिवळट फुलांचे तुरे येतात. कांचनाची फुले मोठी आणि देखणी.

चुकीच्या नावाचा फटका दोन्ही झाडांना बसतो. जांभळा कांचन नेमका दसऱ्याच्या सुमारास फुलावर येतो. तेव्हा फांद्या छाटल्या की कळ्या जातात, त्या फांद्यांवर त्या वर्षी शेंगही धरत नाही. आणि कांचनालाच आपटा समजल्यामुळे खरा आपटा लावायचे कुणाच्या मनात येत नाही. रोपवाटिकेत ‘आपटा’ मागितला तर पिशवीतल्या रोपाचे पान मोजून घ्यावे.

बियांपासून रोप करणे सोपे आहे. आपट्याची शेंग चपटी, किंचित वाकडी, वीतभर लांब असते आणि वाळल्यावरही बराच काळ झाडावरच राहते. कांचनाची शेंग मात्र तडकून पिळवटते. आपट्याची वाळकी शेंग फोडून बिया काढाव्यात, किडक्या टाकून द्याव्यात. कवच कठीण असल्याने रात्रभर पाण्यात भिजवावे. न भिजवलेले बी उगवायला फार वेळ घेते. माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशवीत बी सेंटिमीटरभर खोल लावावे. पाणी साचले तर बी कुजते, म्हणून पिशवीला खाली भोके हवीतच. वाढ सावकाश होते. रोप वर्षभर सांभाळून पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावे.

आपल्या दैनिकाला विनंती, की यंदाच्या दसरा पुरवणीत आपटा आणि कांचन यांची पाने शेजारी-शेजारी, पट्टी ठेवून, दोन्ही शास्त्रीय नावांसह छापावीत. महापालिकांच्या उद्यान विभागांनीही झाडांवरच्या पाट्या त्याच निकषावर तपासून घ्याव्यात.

– एक वनस्पती अभ्यासक, पुणे