सव्वा महिना

देवगड
तुळशीचं लग्न झालं त्याचा दुसरा दिवस

प्रिय मंगू,

पत्र बघून दचकशील. पण घरात फोनवर बोलायची सोय नाही, सासूबाई पडवीतच असतात. पतपेढीत समोर खातेदार. आणि तू मध्येच "अगं पण" म्हणालीस की मी विषय बदलते, हे तुलाही माहीत आहे. म्हणून कागदावर.

मी छाती कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणतेय. ब्रेस्ट रिडक्शन म्हणतात ते. जवळजवळ ठरलंय, पूर्ण नाही. जे राहिलंय त्यासाठीच तुला लिहितेय.

शाळेतलं तुला सांगायला नको. दप्तर पुढे धरून चालायचे ते तूच बघितलंस. कबड्डीतून नाव काढून घेतलं तेव्हा सरांना "पोटात दुखतं" असं सांगायला तूच गेली होतीस. तेव्हाचं सगळं लाजेचं होतं, ती लाज आता उरलेली नाही. आता नुसतं दुखतं. मान, खांदे, पाठीचा वरचा भाग. पट्टे रुतून खांद्यांवर चर पडलेत, बोट ठेवलं तर बसतं. संध्याकाळी कधी कधी करंगळीला मुंग्या येतात. आणि आपल्याकडचा दमटपणा! एप्रिल ते ऑक्टोबर छातीखालची कातडी कोरडी अशी नसतेच. लाल चट्टे, खाज, मग चिरा. पावडर झाली, मलम झालं, सुती फडक्याची घडी ठेवून झाली. पावसात तर फडकी वाळतही नाहीत. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरताना वाकून उभी राहिले की रात्री पाठ टेकवत नाही.

"वजन कमी कर" हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता हसू येतं. धाकटीच्या वेळचं वजन मी उतरवलं. पोट गेलं, गाल गेले, छाती होती तिथेच. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ते नीट सांगितलं. छातीत चरबी किती आणि ग्रंथींचा भाग किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यामुळे वजन उतरलं की छाती उतरेलच असं नाही. इतक्या वर्षांत हे एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर!

डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहेत, एम.सीएच. म्हणजे त्यातली वरची पदवी झालेले. ते मी आधी बघून घेतलं. हल्ली पाटी कोणीही लावतं. त्यांनी वहीत चित्र काढून दाखवलं. बोंडाभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि मग छातीच्या खालच्या घडीतून आडवा, असा होडीच्या नांगराच्या आकाराचा छेद. आतला जादा भाग आणि कातडी काढतात, बोंड आपल्या रक्तवाहिन्यांसकट जोडलेलंच ठेवून वर सरकवतात. तीनेक तास, पूर्ण भूल. एक-दोन रात्री दवाखान्यात, कदाचित दोन्ही बाजूंना निचऱ्याच्या नळ्या. काढलेलं सगळं तपासणीला जातं. माझं एका बाजूचं अर्धा किलो तरी निघेल म्हणाले. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "म्हणजे बाजूला दोन-दोन हापूस, तेही मोठे." काय बोलायचं या माणसाला! पण ते हसले म्हणून मी हसले, आणि आमच्यातली अर्धी भीती तिथेच गेली.

भीतीचंही सांगते, नाहीतर म्हणशील लपवते. व्रण कायमचे राहणार. वर्षभरात ते फिके पडतात, पण जात नाहीत, आणि आपल्या कातडीला जाड वण उठायची सवय असते. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित जातेही. आडवा आणि उभा छेद मिळतो तिथे जखम उशिरा भरणं हे तर बऱ्याच जणींना होतं, म्हणाले. पट्ट्या करत राहायचं, भरते. पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच याची खात्री नाही. ते मला नकोच आहे, दोघांना पाजून झालं. धाकटीने दूध सोडून वर्ष उलटलं हे त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं, कारण दूध बंद झाल्यावर काही महिने थांबून आकार स्थिरावू द्यावा लागतो. तंबाखू, मिसरी लावता का, हेही विचारलं. जखम भरायला निकोटीन फार वाईट. मी नाही लावत, पण त्यांनी विचारलं ते बरं केलं. आपल्याकडच्या किती बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतील आणि मिसरीचं नावही काढणार नाहीत.

चाळिशी आली म्हणून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी आधी करून घेतली. दोन्ही स्वच्छ. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

पैसे दीड-दोन लाखांच्या घरात जातील. विम्याचं असं आहे की सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सगळ्याच कंपन्या वगळतात. वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं तर मागायला जागा असते, पण गरजेची त्यांची व्याख्याही कडक आहे. म्हणून हाडांच्या डॉक्टरांचे कागद, चट्ट्यांच्या चिठ्ठ्या, सगळं एका फायलीत लावलंय. मिळाले तर मिळाले. नाही मिळाले तर माझी आवर्त ठेव आहे, ती कशासाठी ठेवली होती?

आणि सौंदर्याचं म्हणशील तर तेही आहे, मंगू. तयार ब्लाउज अंगात जावा, एकदा तरी खांद्यावरून ओढणी न ओढता वाळूतून चालावं, असं मला वाटतं. दुखतंय म्हणूनच करतेय, बाकी काही नाही, असं मी घरात सांगते. तुला कशाला सांगू?

आता मूळ गोष्ट. मला सुरीची भीती कमी आहे. भीती आहे ती नंतरच्या सहा आठवड्यांची. चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. उताणं झोपायचं, तेही पाठीला उशा लावून. दिवसरात्र ती घट्ट सर्जिकल ब्रा. आणि आमची धाकटी तेरा किलोची! झोपेतून उठली की हात वर करून उभी राहते, "घे" म्हणून. तिला काय सांगायचं?

त्याची तालीम मी आत्ताच सुरू केलीय. आता मी तिला उभ्याने उचलतच नाही. मी पलंगावर बसते, खाली पाट ठेवलाय, त्यावर चढून ती माझ्या शेजारी येते आणि मग कुशीत. दोन दिवस रडली, आता पाट स्वतः ओढत आणते. ऑपरेशनच्या वेळी अचानक सुरू केलं असतं तर तिला वाटलं असतं, दवाखान्यातून आलेली आई वेगळीच आहे. तरी तेव्हा छातीवर उशी धरूनच बसायचंय. तिचं डोकं कुठे आपटेल सांगता येत नाही. रात्री ती लाथा मारते, म्हणून आतापासून आजीजवळ झोपते. आंघोळ ह्यांच्याकडे. वेणी ह्यांना जमत नाही, तर केस कापून टाकले, प्रश्न मिटला. थोरला नऊ वर्षांचा. त्याला खरं सांगितलं, की आईच्या पाठीवरचं ओझं डॉक्टर कमी करणार आहेत. त्याने एवढंच विचारलं, "मग तू माझ्याबरोबर धावशील?"

घराकडे बघितलं तर कळतं की आपलं सगळं काम एकतर जमिनीवर नाहीतर डोक्याच्या वर. विळीवर नारळ खवायचा तो खाली बसून आणि खांद्याच्या जोरावर. कपडे घालायची काठी उंच. डबे फळीवर. झोप जमिनीवर, आणि जमिनीवरून उठताना भार हातांवरच येतो. तेव्हा ह्यांनी काठी खाली बांधलीय, रोजचे डबे ओट्यावर आलेत, आजोबांची आरामखुर्ची माळ्यावरून उतरवलीय. पहिले काही दिवस तीत अर्धवट बसूनच झोपायचं. नारळ खवून, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवणार आहे. कुळथाचं पीठ, मेतकूट, सोलं आहेतच. पिठी-भातावर माणसं महिनाभर जगतात, आमच्याकडची तर आनंदाने जगतील.

सासूबाई राहिल्या. पहिल्यांदा कानावर घातलं तेव्हा म्हणाल्या, "देवान दिल्लला कोण असा कापून टाकता काय?" आणि दोन दिवस अबोला. मी वाद घातला नाही. एका संध्याकाळी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि खांदे दाखवले, खालचे चट्टे दाखवले. खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माका आधी कित्याक नाय सांगलंस?" त्यानंतर त्यांनीच तोडगा काढला. शेजारपाजारी विचारलं तर सांगायचं ऑपरेशन झालंय, बाळंतिणीसारखं सव्वा महिना पथ्य आहे. हिशेब बघ, सहा आठवडे आणि सव्वा महिना यांत काही दिवसांचाच फरक! आपल्या घरांतून बाईला बिनबोभाट पडून राहायची मुभा तेवढ्या एकाच कारणासाठी असते. तू गर्भाशय काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाण्याचं पिंप हलवलंस, तेव्हा तुला कोणी थांबवलं होतं का? बाळंतीण असतीस तर थांबवलं असतं.

फक्त बाळंतपण म्हटल्यावर त्या शेक-शेगडीपर्यंत पोचल्या. तिथे मात्र मी ठाम आहे. ऑपरेशननंतर कातडी काही काळ बधिर असते, शेक किती लागतोय ते कळत नाही आणि भाजतं. तेलमालीशही नाही. डिंकाचे लाडू मात्र मंजूर केलेत. मी काय वेडी आहे नको म्हणायला?

वेळ जानेवारीची धरलीय. थंडी असते, त्या ब्रामध्ये घाम कमी. कलमांना मोहोर असतो, फवारण्या असतात, पण काढणी नसते. मार्चमध्ये पेट्या सुरू व्हायच्या आत मला मोकळं व्हायचंय. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत यंदा जाणार नाही, त्या गर्दीत एक कोपर लागलं तरी पुरे. पहिला आठवडा कोल्हापूरला मावसबहिणीकडेच राहायचं, टाके बघून झाले की मग फोंडा घाट उतरायचा. गाडीत पट्ट्याच्या आत छोटी उशी धरायची. घरी आल्यावर काय दिसलं तर थांबायचं नाही, ते कागदावर लिहून कपाटाला लावणार आहे: ताप, एकच बाजू अचानक फुगून कडक होणं, बोंड काळं-निळं पडणं, पू, पोटरीला सूज, दम लागणं. शेजारच्या रिक्षावाल्या भाऊंना रात्रीचं सांगून ठेवलंय. इथून मोठा दवाखाना लांब, हे विसरून चालत नाही.

आणि आता तुझं काम. संक्रांतीच्या मागेपुढे मी घरी येईन. त्यानंतरचे आठ दिवस तू येशील का? पहिल्या दिवसांत सगळेच धावपळ करतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाई चालतीफिरती दिसली की घराला ती बरी वाटायला लागते, आणि तेव्हाच ती हळूच कळशी उचलते. तू समोर असलीस तर माझी टाप नाही. डोक्यावरून न्हायला मला हात वर नेता येणार नाहीत. ते सासूबाईंना सांगायला जड जातं, त्यांचेच हात दुखतात. तू न्हाऊ घाल. आणखी एक. सुरुवातीला सूज असते, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत, खरा आकार यायला सहा महिने ते वर्ष लागतं. हे मी आज शहाणपणाने लिहितेय, पण आरशासमोर उभी राहीन तेव्हा रडेन. अशा वेळी ह्यांच्यापुढे रडले तर ते घाबरतील. तुझ्यापुढे चालेल.

नाही जमलं तर सरळ नाही म्हण. तुझ्या मुलाची बारावी आहे, मला कळतं. पण "बघू" म्हणू नकोस, त्यावर मला तारीख घेता येत नाही. जनशताब्दीने आलीस तर कणकवलीला ह्यांना पाठवते. आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे या महिन्याच्या मध्यावर. संक्रांतीच्या गाड्या भरायला वेळ लागत नाही.

काकूंना नमस्कार. त्यांना यातलं सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी,
सुमी

ता. क. येताना दादरहून पुढून बटणांचे दोन सुती गाऊन आण. कोल्हापुरात घालायला दोन इथे शिवून घेतलेत, हे पुढचे. मापाला आत्ताची मी धरू नकोस, आणि फार लहानही घेऊ नकोस, सूज असेल.