भुईमुगाचा सरवा

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,

सप्रेम सलाम.

आई, मिरची मिळाली. पिशवी उघडली आणि नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवरचा ठसका घरभर झाला. बाबा, गुडघ्याला तेल लावता ना रोज?

आमच्या मंडळीत या महिन्यात बायबल अभ्यास माझ्याकडे होता. वचन मार्क 12 मधलं. सगळ्यात पहिली आज्ञा कोणती, असं एक शास्त्री विचारतो आणि प्रभू दोन सांगतो: देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, शेजाऱ्यावर स्वतःसारखी कर. बालवर्गापासून पाठ असलेलं. या आज्ञा मुळात कुठल्या, ते शोधलं. दोन्ही जुन्या करारातल्या: पहिली अनुवाद या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, दुसरी लेवीय या पुस्तकात, 19:18 मध्ये. लेवीयचा तो अध्याय पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि बाबा, मला आपलं शेतच दिसायला लागलं.

शेताच्या कडेपर्यंत कापू नको, काढणीनंतर रानात मागे राहिलेला सरवा वेचू नको, गरीब आणि परक्यासाठी राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. एवढं सांगून झाल्यावर मग शेजाऱ्यावरची प्रीती येते. पुढे 34व्या वचनात तीच प्रीती परदेशी माणसावरही करायला सांगितली आहे.

भुईमूग काढून झाला की वस्तीवरच्या बायका खुरपी घेऊन सरव्याला यायच्या. त्यांचं होईपर्यंत तुम्ही रानात नांगर घालायचा नाहीत. मी एकदा म्हटलं, बाबा, त्यांच्या टोपलीत आपल्या शेंगा चालल्यात. तुम्ही म्हणालात, "त्या त्यांच्याच आहेत, बाई." तेव्हा मला तो तुमचा भोळेपणा वाटला होता. आणि आई, मजुरी वाटून झाल्याशिवाय तू संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची नाहीस. बाबांना तालुक्याहून यायला उशीर झाला तर प्रार्थनाही उशिरा.

आता माझं ऐका. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार मागच्या महिन्यात मी नऊ दिवस लांबवला. पैसे होते, आज देऊ, उद्या देऊ असं करत राहिले. त्यात दोन रविवार आले. दोन्ही दिवशी मी उपासनेला गेले, गीतं गायले, दानही टाकलं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलाची फी थकली होती, ते नंतर कळलं. डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती नसेल तर न पाहिलेल्या देवावर कुठून येणार, असं योहान पहिल्या पत्रात विचारतो. आज ते वाचताना माझा आवाज अडकला. मग सगळ्यांसमोर हे सांगितलं, आणि आपल्या शेताचंही.

मावशींची माफी मागितली आहे. आता एक तारीख चुकणार नाही.

भुईमूग काढायला मी सुट्टी घेऊन येते. बायका सरव्याला येतील तेव्हा मला बांधावर नाही, त्यांच्यात बसायचंय. तोवर नांगर घालू नका.

तुमची,
लेक