मतदान केंद्रे घटली, रांगा वाढल्या

महोदय,

अमेरिकेतील प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकांच्या बातम्यांत उमेदवारांची चर्चा भरपूर असते, मतदान केंद्रांची मात्र क्वचितच. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत २०१२ साली सुमारे २०० केंद्रे होती. २२ मार्च २०१६ च्या प्राथमिक निवडणुकीत खर्च वाचवण्यासाठी ती ६० वर आणली गेली आणि काही मतदारांना पाच तासांपर्यंत रांगेत तिष्ठावे लागले. असा बदल करण्यापूर्वी या राज्याला केंद्रीय पूर्वपरवानगी घ्यावी लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निकालाने ते बंधन संपले. टपाली मतदानाची सोय होती हे मान्य, परंतु रोजंदारी बुडवून जो थांबू शकत नाही, त्याला या काटकसरीची किंमत मत गमावून मोजावी लागते, हे मला अन्यायाचे वाटते.

एक वाचक, पुणे